गाठ रोज बदलते, आराखडा मात्र पहिल्या दिवसाचाच!

घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाचा हिशेब साधारण ठरलेला असतो. एकूण ७० ग्रे मात्रा, रोज दोन ग्रे याप्रमाणे ३५ बैठका, आठवड्याचे पाच दिवस, असे सात आठवडे. त्याआधी एकदा सीटी स्कॅन होतो, चेहऱ्यावर घट्ट बसणारा प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा तयार होतो. डॉक्टर पडद्यावर गाठीची सीमारेषा आखतात, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ किरण कुठून, किती आणि कसे सोडायचे याचे गणित मांडतात. हा झाला आराखडा. पुढचे सात आठवडे यंत्र तो इमानेइतबारे पाळते.

अडचण अशी की, रुग्ण तो पाळत नाही. घास गिळता येत नाही म्हणून वजन उतरते. गाल बसतात, मुखवटा सैल होतो. गाठ आक्रसते. कानाखालच्या लाळग्रंथी लहान होतात आणि आतल्या बाजूला, म्हणजे नेमक्या जास्त मात्रेच्या दिशेने सरकतात. पाचव्या आठवड्यात यंत्राखाली झोपलेला माणूस हा पहिल्या दिवशी स्कॅन केलेला माणूस राहिलेला नसतो. गाठीसाठी आखलेल्या किरणांचा काही भाग आता निरोगी पेशींवर पडतो. उपचार संपल्यावर वर्षानुवर्षे तोंड कोरडे राहते, भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, त्यामागे लाळग्रंथींना बसलेला हा शेकच असतो.

मग आराखडाही बदलावा, हा विचार काही नवा नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात काम करणाऱ्या डी यान आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘अ‍ॅडाप्टिव्ह रेडिएशन थेरपी’ याच नावाचा शोधनिबंध लिहिला. रुग्णाच्या शरीरात होणारे बदल मोजा आणि उपचार त्यानुसार जुळवून घ्या, असा त्याचा गाभा. कल्पना सोपी होती, पण रोज मोजायचे कशाने? किरणोपचार यंत्राला जोडलेल्या सीटीमध्ये हाडे स्पष्ट दिसतात. मऊ ऊतींमध्ये गाठ कुठे संपते आणि निरोगी भाग कुठे सुरू होतो, हे धूसरच राहते. ते पाहायचे तर एमआरआय हवा.

एमआरआय आणि किरणोपचाराचे लिनॅक यंत्र एकत्र बसवणे हे मात्र एका म्यानात दोन तलवारी ठेवण्यासारखे होते. लिनॅक चालतो इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देऊन, आणि चुंबक इलेक्ट्रॉनना वळवतो. एमआरआयला लागते रेडिओलहरींची निरव शांतता, आणि लिनॅक असतो गोंगाट करणारा. शिवाय क्ष-किरण स्वतः चुंबकाला जुमानत नसले, तरी ते शरीरात जे इलेक्ट्रॉन मोकळे करतात ते वळतात. ऊती आणि हवा यांच्या सीमेवर ते गिरकी घेऊन परत ऊतीत शिरतात आणि तिथली मात्रा वाढवतात. हे सगळे गणितात धरावे लागते. अमेरिकेतील सेंट लुईस येथे वॉशिंग्टन विद्यापीठात २०१४ मध्ये अशा जोडयंत्रावर पहिला रुग्ण घेतला गेला, तेव्हा त्यात लिनॅक नव्हता. इलेक्ट्रॉनची कटकटच नको म्हणून जुना भरवशाचा कोबाल्ट वापरला होता, आणि चुंबक होता ०.३५ टेस्लाचा. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे २०१७ मध्ये मात्र १.५ टेस्लाचा, म्हणजे निदान केंद्रात असतो तितक्याच ताकदीचा चुंबक खऱ्याखुऱ्या लिनॅकशी जोडून पहिले रुग्ण घेण्यात आले. या यंत्रांना ‘एमआर-लिनॅक’ म्हणतात. रुग्ण टेबलावर असतानाच प्रतिमा घ्यायची, सीमारेषा पुन्हा आखायच्या, आराखडा पुन्हा मांडायचा, तपासायचा आणि मग किरण सोडायचे, असा तिथला क्रम आहे.

याचा उपयोग होतो का? एका ठिकाणी तरी नक्की होतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रोस्टेटच्या १५६ रुग्णांवर ‘मिराज’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सीटीच्या मदतीने उपचार करताना ग्रंथीभोवती चार मिलिमीटरची जादा कड ठेवावी लागत होती, एमआरआयमुळे ती दोन मिलिमीटरवर आली. फरक फक्त दोन मिलिमीटरचा. पण लघवीचे मध्यम ते तीव्र त्रास ४३.४ टक्क्यांवरून २४.४ टक्क्यांवर उतरले आणि आतड्याचे तसेच त्रास १०.५ टक्क्यांवरून शून्यावर. हे आकडे उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांचे आहेत, हे लक्षात ठेवून वाचावेत. तरीही ज्याला रात्री सहा वेळा उठावे लागते त्याच्यासाठी ते लहान नाहीत.

इथवरची कहाणी आकाराची आहे. गाठ कुठे आहे, केवढी आहे, कुठे सरकली. सध्या संशोधकांचा खरा उत्साह मात्र पुढच्या पायरीबद्दल आहे आणि माझ्या मते खरी काळजीही तिथेच घ्यायला हवी. ती पायरी म्हणजे गाठ किती मोठी आहे हे न विचारता, ती मरते आहे का, हे विचारणे. त्यासाठी एमआरआयने चित्र देऊन भागत नाही, आकडा द्यावा लागतो.

सीटीच्या प्रत्येक ठिपक्याला ठरलेले मोल असते. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, मुंबईत काय आणि मिरजेत काय. एमआरआयचे तसे नाही. त्याच्या प्रतिमेतला एखादा ठिपका उजळ दिसतो तो शेजारच्या ठिपक्याच्या तुलनेत. यंत्र बदला, कॉइल बदला, तंत्रज्ञाने घेतलेली सेटिंग बदला, उजळपणा बदलतो. डॉक्टरांचा अनुभवी डोळा त्यातून बरोबर निदान काढतो, पण ‘परवा २०० होते, आज २४० आहे’ असे म्हणता येत नाही. कपाळाला हात लावून ताप बघणे आणि थर्मामीटर लावणे यात जो फरक, तोच नेहमीच्या आणि मोजमाप करणाऱ्या एमआरआयमध्ये.

गंमत म्हणजे या तंत्राचा जन्मच मोजमापातून झाला. १९७१ मध्ये रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या गाठी चुंबकात ठेवल्या आणि त्यांतील पाण्याच्या अणूंना चुंबकीय धक्क्यानंतर पूर्वपदावर यायला लागणारा वेळ मोजला. कर्करोगाच्या गाठीत तो वेळ निरोगी ऊतींपेक्षा जास्त भरला. त्यात चित्र नव्हते, नुसते आकडे होते. चित्र आले १९७३ मध्ये, पॉल लॉटरबर यांच्या हातून. आणि पुढे २००३ चे नोबेल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले, तेव्हा डमाडियन यांनी अन्याय झाला म्हणून अमेरिकी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. ते भांडण बाजूला ठेवू. पण चित्र इतके देखणे निघाले की आकडा मागे पडला, तो आता पन्नास वर्षांनी परत येतो आहे.

किरणोपचारात सगळ्यात जास्त आशा ज्या आकड्याकडून आहे, त्याला ‘एडीसी’ म्हणतात. पाण्याचे रेणू ऊतीत किती मोकळेपणाने फिरू शकतात, याचे ते माप. सकाळी नऊच्या लोकलमध्ये दादरला चढलेला माणूस एका जागी रुतून बसतो. दुपारी दोनला तोच माणूस डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ शकतो. गाठीत पेशींची दाटी असते, म्हणून तिथले पाणी रुतलेले. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचे हे माप दर सेकंदाला सुमारे ०.००३ चौरस मिलिमीटर असते. कित्येक घट्ट गाठींमध्ये ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. किरणांनी पेशी मरू लागल्या, त्यांची आवरणे फुटली, की डबा रिकामा होऊ लागतो आणि आकडा वर चढतो. महत्त्वाचे असे की, तो चढतो तेव्हा गाठीचा आकार अनेकदा तसाच असतो. मेलेल्या पेशींचा ढिगारा शरीर सावकाश उचलते. म्हणजे आकारात आठवड्यांनी दिसणारी गोष्ट आकड्यात आधीच कळू शकते.

याच धर्तीवर आणखी मोजमापे आहेत. कॉन्ट्रास्ट टोचून रक्तप्रवाह किती वेगाने गाठीत झिरपतो ते पाहता येते. रक्तपुरवठा तुटक असेल तिथे प्राणवायू कमी, आणि प्राणवायू कमी असलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत, हे रेडिओथेरपीतले जुने शहाणपण आहे. हे नकाशे एकमेकांवर ठेवले तर गाठीतला कोणता कोपरा हट्टी आहे ते दिसेल, तिथे मात्रा वाढवता येईल, जिथे पेशी लवकर शरण येताहेत तिथे कमी करता येईल. सगळ्या शेताला सारखे पाणी सोडण्याऐवजी वाफ्यावाफ्याने पाणी द्यावे, तसे.

यातला एक तुकडा तरी सिद्ध झाला आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये झालेल्या ‘फ्लेम’ चाचणीत प्रोस्टेटच्या ५७१ रुग्णांपैकी निम्म्यांना संपूर्ण ग्रंथीवर ७७ ग्रे मिळाले. उरलेल्यांना तेवढे मिळालेच, शिवाय एमआरआयमध्ये दिसणाऱ्या मुख्य गाठीवर मात्रा ९५ ग्रेपर्यंत चढवली गेली. मात्र मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मर्यादा ओलांडायच्या नाहीत, या अटीवर. पाच वर्षांनी आजार परत न आलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८५ टक्के, दुसऱ्यात ९२ टक्के होते, आणि त्रासात लक्षणीय वाढ नव्हती. पण इथे एमआरआय एकदाच, सुरुवातीला वापरला होता. उपचार चालू असताना आकडा बघून मात्रा बदलणे ही याच्या पुढची उडी आहे.

ही उडी घ्यायची तर आकड्यावर विश्वास हवा. तो किती आहे? अमेरिकेतील रेडिऑलॉजी सोसायटीने २००७ मध्ये प्रतिमांमधली मोजमापे प्रमाणित करण्यासाठी एक गट उभा केला. या गटाने एडीसीबद्दल जे सांगितले आहे ते प्रत्येक उत्साही माणसाने वाचावे. एकाच रुग्णावर, एकाच यंत्रावर, काळजीपूर्वक दोनदा मोजले आणि दोन आकड्यांत फरक आला, तर तो खरा बदल आहे असे ९५ टक्के खात्रीने कधी म्हणायचे? मेंदूतल्या गाठीत फरक ११ टक्क्यांहून अधिक असेल तर. स्तनात १३. यकृतात २६. आणि प्रोस्टेटमध्ये ४७! श्वासाने यकृत हलते, गुदाशयातल्या वायूने शेजारच्या प्रोस्टेटची प्रतिमा वाकते. गाठ तशीच असली तरी आकडा डोलतो.

इथे एक बारकावा आहे, आणि बातम्यांमध्ये तो हमखास हरवतो. शंभर रुग्णांची सरासरी काढली की हे डोलणे एकमेकांत विरून जाते आणि ‘उपचाराने एडीसी वाढतो’ असा स्वच्छ आलेख मिळतो. तो खराही असतो. पण यंत्राखाली सरासरी झोपत नाही, एक माणूस झोपतो. त्याचा आकडा २० टक्के वाढला तर ती गाठ मेली की पोटात वायू झाला, हे सरासरी सांगू शकत नाही.

त्यात जोडयंत्राची स्वतःची अडचण. एमआर-लिनॅकमध्ये किरणांना वाट द्यायची म्हणून चुंबकाची आतली रचना बदललेली असते. पाण्याची हालचाल टिपण्यासाठी जे झपाट्याने बदलणारे चुंबकीय उतार लागतात, ते निदान केंद्रातल्या यंत्राइतके जोरकस नसतात. म्हणून या यंत्रांच्या वापरकर्त्या संस्थांनी एकत्र येऊन मोजण्याची वेगळी पद्धत ठरवून घेतली. चांगलेच केले, पण त्यामुळे बाहेरच्या यंत्रावरचा आकडा आणि जोडयंत्रावरचा आकडा शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. घशात तर हवा, गिळण्याची हालचाल आणि दातांतले धातू हे तिघेही हजर असतात.

शिवाय आकडा वाढला म्हणजे पेशी मेल्या हेही सरसकट खरे नाही. नुसती सूज आली तरी तो वाढतो. पुढे त्या जागी जखमेसारखी घट्ट ऊती तयार झाली की कमी होतो, आणि तेव्हा तो परतलेल्या कर्करोगासारखा दिसू शकतो.

या सगळ्यात पणाला काय लागले आहे? मात्रा वाढवण्याचा निर्णय चुकला तर त्रास वाढतो, तोही मोठा असू शकतो. पण ‘गाठ छान प्रतिसाद देते आहे’ असा आकडा पाहून मात्रा कमी केली आणि आकडा खोटा निघाला, तर कर्करोग परत येतो, आणि एकदा पूर्ण मात्रा दिलेल्या जागी पुन्हा किरण देणे फार अवघड असते. म्हणून मला वाटते, असे आकडे सुरुवातीला धोक्याची घंटा म्हणून वापरावेत. प्रतिसाद नसल्याची शंका आली तर अधिक बारकाईने तपासणी, शस्त्रक्रियेचा लवकर विचार. मात्रा कमी करण्याचा मोह चाचणीबाहेर टाळावा.

नवे तंत्र तर्काला पटते म्हणून ते रुग्णाला फायद्याचे ठरेलच असे नाही, याचे ताजे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. या लेखाच्या सुरुवातीला लाळग्रंथींचे जे वर्णन केले, नेमके तेच टाळण्यासाठी तिथे ‘आर्टिक्स’ ही चाचणी झाली. घशाच्या कर्करोगाचे १३२ रुग्ण. निम्म्यांचा आराखडा दर आठवड्याला नव्याने मांडला, निम्म्यांचा एकदाच. वर्षभराने लाळ मोजली. फरक आढळला नाही. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा या क्षेत्रातल्या अनेकांना ते पचवणे जड गेले. चाचणी सीटीवर आधारलेली होती, आणि रोजच्या प्रतिमांनी रुग्णाची जागा मिलिमीटरपर्यंत जुळवण्याचे तंत्र आता इतके सुधारले आहे की उरलेला फायदा लहान असावा. सरसकट सगळ्यांचा आराखडा बदलण्यात अर्थ नाही, ज्याला गरज आहे तो रुग्ण ओळखता आला पाहिजे. आणि तो ओळखायला पुन्हा चांगला आकडाच हवा!

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळतात. साध्या लिनॅकवर एका रुग्णाला दहा-पंधरा मिनिटे लागतात, एमआर-लिनॅकवर रोज आराखडा बदलायचा तर अर्धा-पाऊण तास सहज जातो. बाहेर ओळ लागलेली असताना हा हिशेब नैतिकही असतो. शिवाय यंत्र महाग, आणि ते बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या. त्यातल्या एकीने, ज्या कंपनीचे यंत्र सेंट लुईसला पहिले वापरले गेले तिनेच, २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा वेळी यंत्र घेऊन बसलेल्या रुग्णालयांचे काय झाले असेल, याची कल्पना करावी.

पण जुळवून घेणारा उपचार म्हणजे जोडयंत्रच, असे समजायचे कारण नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०११ मध्येच मूत्राशयाच्या कर्करोगासाठी ‘आजचा आराखडा’ ही पद्धत वापरून दाखवली. मूत्राशय रोज कमीजास्त भरलेले असते, म्हणून वेगवेगळ्या आकारांचे आराखडे आधीच तयार ठेवायचे आणि रोजच्या सीटीवर बघून त्या दिवशी बसणारा निवडायचा. शाळेच्या गणवेशाच्या दुकानात मापे तयार असतात ना, तसेच.

त्याहून मोठे उदाहरण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे. भारतात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना तो होतो. बाहेरून किरण देऊन झाल्यावर आतून, ब्रॅकीथेरपीने, उरलेल्या गाठीवर मात्रा द्यावी लागते. ती देण्याआधी नळी जागेवर असतानाच एमआरआय करायचा आणि आक्रसलेल्या गाठीच्या आकारानुसार मात्रा बेतायची, ही पद्धत ‘एम्ब्रेस’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १,३४१ स्त्रियांवर तपासली गेली. मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात सहभागी होते. पाच वर्षांनी त्या जागी आजार आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण ९२ टक्के होते. यात जोडयंत्र नव्हते. साधा एमआरआय, आणि तो योग्य दिवशी, योग्य तऱ्हेने करणारी माणसे एवढेच होते. सात आठवड्यांत दोन जादा एमआरआय काढण्याची सोय जिल्हा पातळीवरच्या कर्करोग केंद्रांना करून देणे, हे एका जोडयंत्राच्या किमतीत किती ठिकाणी जमेल, याचे गणित आरोग्य खात्याने एकदा मांडून बघावे.

रुग्णालय सरकारी असो की खासगी, ‘अ‍ॅडाप्टिव्ह’ हा शब्द जाहिरातीत दिसला तर नातेवाइकांनी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. आराखडा कोणत्या कारणासाठी बदलला जातो, आकारासाठी की आकड्यासाठी? आणि आकड्यासाठी असेल, तर तुमच्या यंत्राचा आकडा किती डोलतो हे तुम्ही मोजले आहे का?

ते मोजायला फार खर्च येत नाही. शून्य अंश तापमानाला पाण्याचा एडीसी दर सेकंदाला ०.००११ चौरस मिलिमीटर असतो, जगात कुठेही. म्हणून पाण्याने भरलेली बंद नळी, भोवती बर्फ आणि पाणी भरलेले भांडे, एवढे साहित्य घेऊन ते एमआरआयमध्ये ठेवायचे आणि यंत्र काय आकडा सांगते ते बघायचे. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी हा साधा उपाय रूढ केला. महिन्यातून एकदा, सकाळी पहिला रुग्ण आत घेण्याआधी, अर्ध्या तासात होणारे हे काम आहे.